सही नंतर, वाचन आधी



लोकशाही धोक्यात आहे, असे आजकाल सगळेच सांगतात. सत्तेवरचे म्हणतात, विरोधकांमुळे धोक्यात आहे. विरोधातले म्हणतात, सत्तेवरच्यांमुळे. निवडणूक झाली की दोघे खुर्च्या बदलतात आणि भाषणांचीही अदलाबदल करतात. सभेला गेलेला शेतकरी दोघांनाही टाळ्या देतो आणि संध्याकाळी घरी येतो, तेव्हा ओट्यावर ग्रामपंचायतीचा शिपाई वही घेऊन बसलेला असतो.

"कशाची सही?"

"ग्रामसभेची."

"कधी झाली?"

"झाली की मागल्या आठवड्यात. करा लवकर, अजून चाळीस घरं राहिलीत."

सही होते. वहीत काय लिहिले आहे हे सही करणाऱ्याला माहीत नसते. पुष्कळदा तिथे काही लिहिलेलेच नसते. मजकूर मागाहून भरायचा असतो.

आमचे सांगणे एका वाक्यात मावते. लोकशाहीची राखण करायची असेल, तर वाचल्याशिवाय गावच्या कोणत्याही कागदावर सही करू नका, आणि सही करण्याआधी तो कागद चारचौघांत मोठ्याने वाचायला लावा. काम किरकोळ वाटते. व्यासपीठावरून ते कोणी सांगत नाही, कारण त्यात भाषण करणाऱ्याचा काही फायदा नाही. दिल्लीतली लोकशाही वाचवायला मुठी आवळणारा माणूस चावडीवर "जरा वाचून दाखवा" एवढे म्हणायला कचरतो. गावचा पुढारी याच कचरण्यावर जगतो.

रोखे जाळणाऱ्यांची लेकरे

न वाचलेल्या कागदाची किंमत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात भोवतालच्या गावांतले कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. तिथून वणवा आपल्या जिल्ह्यात आला. पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या आजही कोरडवाहू म्हणवणाऱ्या तालुक्यांत तो फिरला. दोन महिन्यांत ३० हून अधिक गावे उठली. सरकारी चौकशीत एक गोष्ट ठळक दिसली: माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार थोडे होते, लोकांना हवे होते ते रोखे. रोखा हाती आला की तो जाळायचा आणि घरी जायचे.

रोख्यावर एवढा राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. कायदा केला शेतकऱ्याच्या सोयीसाठी. सावकाराने त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून तो नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि कुणबी न वाचता अंगठा देऊ लागला. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, ही तरतूद त्यात आली. म्हणजे इंग्रज सरकारलासुद्धा कळले, की दुखणे व्याजाच्या दरात आहे तितकेच न वाचता दिलेल्या अंगठ्यात आहे.

जाळपोळ करा असे आम्ही सांगत नाही. पण पणजोबांना जे कळले ते नातवंडांना कळू नये काय? त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून ते फसले. आपली पोरे पदवीधर आहेत, हातात मोबाइल आहे, आणि वही पुढे आली की आपण विचारतो, "कुठं करू सही?"

आजचा रोखा म्हणजे ग्रामसभेचे प्रोसिडिंग. घरकुलाची यादी, गावच्या आराखड्यातली कामे, कोणत्या वस्तीला पाण्याची टाकी आणि कोणत्या वस्तीला पुढच्या वर्षीचे आश्वासन, ओढ्यातल्या वाळूची शिफारस, हे सगळे त्या वहीतून जाते. वर तालुक्याला, जिल्ह्याला, कोर्टात कुठेही जा, उत्तर तयार असते: "ग्रामसभेने मंजूर केले आहे, ही बघा सही." सही तुमचीच असते.

कायदा कोणाच्या बाजूला आहे?

शेतकऱ्याला नेहमी वाटते की कायदा पुढाऱ्याच्या बाजूचा. या बाबतीत तसे नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभा आहे. वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. सात दिवस आधी नोटीस लागते. गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल, तेवढे हजर पाहिजेत. सभेच्या आधी बायकांची वेगळी सभा झाली पाहिजे. कारण नसताना सभाच न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते.

आता यातली मेख बघा. पुरेशी माणसे आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला हजेरीची ही अट राहत नाही. मग चार टाळकी बसतात आणि गाव मंजूर होते. म्हणून जो म्हणतो, "मी गेलो नाही, माझा काय संबंध", त्याला आमचे उत्तर आहे की तू गेला नाहीस म्हणूनच ते मंजूर झाले. घरी बसणारा तटस्थ नसतो. त्याची गैरहजेरी पुढाऱ्याच्या खात्यावर जमा होते.

ही बैठक अकोल्यात आहे, म्हणून इथलीच गोष्ट सांगतो. राजूरपासून वर घाटमाथ्यापर्यंतचा अकोल्याचा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि राज्याचे नियम २०१४ साली आले. एखाद्या पाड्याला, वस्तीला स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट गावाकडे देण्याचा निर्णय २०१५ साली झाला आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या शेतकऱ्याला एवढा अधिकार नाही. पण ठाकर आणि महादेव कोळी भावांना विचारा, कागदावरचा अधिकार आपोआप हातात येतो का? ज्या पाड्यावर चार माणसे नियम वाचून सभेत उभी राहतात, तिथे तो येतो. बाकी ठिकाणी पाच टक्क्यांचे गटार आणि पेव्हर ब्लॉक होतात.

कोरडवाहू गावाने काय करावे, याचे उत्तर याच जिल्ह्यात, नगर तालुक्यात आहे. हिवरे बाजारला दर वर्षी बसगाड्या भरून लोक जातात. झाडे बघतात, बंधारे बघतात, फोटो काढतात आणि परत येतात. बघण्यासारखी वस्तू तिथली ग्रामसभा आहे. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती, जनावरांना किती, मग पिकाला किती उरले, याचा ताळेबंद गावापुढे मांडला जातो आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरते. बोअर मारून शेतीला पाणी उपसायचे नाही, असे गावाने स्वतःवर बंधन घालून घेतले. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे आहोत. पाणलोटाचे तंत्र पुस्तकात मिळते, हे आम्ही खात्रीने सांगतो. ते तंत्र टिकवणारी सभा पुस्तकात मिळत नाही, ती गावाला भरवावी लागते.

मोठ्याने वाचण्यात केवढी ताकद आहे, हे राजस्थानातल्या मजुरांनी दाखवले. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराणा गावी पहिली जनसुनवाई घेतली. त्यांनी केले काय? मस्टर आणि बिले मिळवली आणि गावापुढे वाचली, एवढेच. कामावर न गेलेल्यांची नावे मजुरीच्या यादीत निघाली, न झालेली कामे झालेली दिसली. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही आपले नाव ऐकू आले. माहितीच्या अधिकाराची मुळे अशा सभांत आहेत. आपल्याकडे पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी त्यासाठी उपोषणे केली, २००२ साली राज्याचा कायदा झाला आणि २००५ साली देशाचा. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आणि एक सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१८ च्या सरकारी आदेशाने जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांतले दप्तर दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकाला पाहता येते. बाजाराच्या दिवशी दोन तास काढणारा शेतकरी सोमवारचे दोन तास का काढू शकत नाही?

वजनकाट्यापाशी कोण उभे आहे?

कोणी म्हणेल, गटारीच्या ठरावाने माझ्या कापसाचे काय होणार? तर कापसाचेच बोलू.

पीक विम्यात तुमचे नुकसान किती, हे तुमच्या शेतात जाऊन कोणी मोजत नाही. महसूल मंडळात काही शेते निवडतात, त्यांत ठरलेल्या मापाचा चौकोन आखतात, तेवढे पीक कापून, मळून, वजन करतात. त्या वजनांवरून अख्ख्या मंडळाचे उत्पन्न निघते. समोर असते उंबरठा उत्पन्न: मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, आणि तिचे ७० टक्के. समजा ज्वारीची ती सरासरी हेक्टरी १० क्विंटल आहे, तर उंबरठा ७ क्विंटल. कापणी प्रयोगात मंडळाचे उत्पन्न ७ निघाले तर भरपाई शून्य. सव्वापाच निघाले तर विमा रकमेचा चौथा हिस्सा. पावणेदोन क्विंटलचा हा फरक कोणाच्या डोळ्यांसमोर ठरतो? पुष्कळदा कोणाच्याच नाही. चौकोन बांधाकडेच्या चांगल्या पिकात आखला की मधल्या माळावर, ओली कणसे तोलली की वाळलेले दाणे, हे विचारायला तिथे माणूस लागतो.

कापसाची गत आणखी वाईट. ज्वारी एकदा कापली की हिशेब संपला. कापसाच्या वेचण्या तीन-चार होतात आणि प्रत्येक वेचणीचे वजन त्याच चौकोनातून घेऊन बेरीज करावी लागते. बोंडअळीने शेवटची वेचणी बुडाली, तर ती बुडाल्याचे कागदावर आले पाहिजे. पहिली वेचणी तोलून पुढच्या दोन खुर्चीत बसून भरल्या, तर अळीचे नुकसान शेतात राहते आणि कागदावर कापूस पिकतो.

२०२३ च्या खरिपात रुपयात विमा आला, तेव्हा पुढाऱ्यांनी फलक लावले. २०२५ च्या खरिपात तो बंद झाला, शेतकऱ्याचा हप्ता परत आला आणि भरपाईची भिस्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली गेली. म्हणजे या वजनकाट्याचे मोल आणखी वाढले. हल्ली उपग्रहाच्या अंदाजालाही त्यात जागा मिळाली आहे. उपग्रह बघू द्या आभाळातून, पण बांधावरून बघणारा साक्षीदार आपलाच पाहिजे. गावपातळीवरच्या समितीत सरपंच आणि शेतकरी असतात. तुमच्या गावच्या समितीत कोणते शेतकरी आहेत, सांगता येईल? त्यांना स्वतःला तरी माहीत आहे काय?

तलाठ्याचा आता ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला आहे, नगरचे अहिल्यानगर झाले आहे. पाट्या बदलल्या, दप्तर तेच आहे. ते उघडून बघणारा बदलला नाही तर पाटीने काही होत नाही.

मताची राखण

आता मताकडे वळू. आपल्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे घटनेच्या २४३-ई कलमात लिहिले आहे. ती झाली नाही. आरक्षणाचा वाद कोर्टात गेला आणि तीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्याचा कारभार प्रशासकाने चालवला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी बजावले, तेव्हा राज्यातल्या रखडलेल्या निवडणुकांची चाके हलू लागली. या काळात जिल्ह्यातल्या किती ग्रामसभांनी "आमचा प्रतिनिधी आम्हाला परत द्या" असा ठराव केला? कांद्याचा भाव पडला तर दुसऱ्या दिवशी रस्ता अडतो. मताचा भाव शून्यावर आला तरी गाव शांत. पुढाऱ्यांना यात वाईट वाटण्याचे कारण नव्हते. प्रशासकाला फोन करता येतो; सत्तरहून अधिक निवडून आलेल्यांना सांभाळण्यापेक्षा ते सोपे.

आणि जिथे निवडणूक होते तिथे काय? डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली २ कोटी ५ लाखांवर गेली. नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाखांवर. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. बोलीचा पैसा देवळाला जाणार होता, असे सांगणारे आजही भेटतात. देवाचे नाव घेतल्याने लिलावाची निवडणूक होत नाही. दोन कोटी देणारा ते पाच वर्षांत कुठून वसूल करणार, याचा हिशेब सातवीतल्या पोराला जमतो. आपसांत भांडण नको म्हणून गाव एकमताने बिनविरोध माणूस निवडत असेल, तर आनंद आहे. पण बिनविरोधचा फलक लागण्याआधी एवढे विचारा: दुसऱ्याला अर्ज भरू दिला होता का?

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीची गोष्ट देशभर गेली. निकालातले आकडे गावाला पटले नाहीत. ३ डिसेंबरला आपणच मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघू, असे त्यांनी ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान होऊ शकले नाही. यंत्रात दोष होता की नव्हता, याचा निवाडा आम्ही करत नाही. पण ज्या गावाला शंका आहे त्याने शंका विचारू नये, ही कोणती लोकशाही? आणि गावांना आमचे सांगणे असे, की निकालानंतर जे शोधावे लागते त्याचा पुरावा मतदानाच्या दिवशीच फुकट मिळतो. विधानसभा-लोकसभेला मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांची चाचणी घ्यावी लागते. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने त्या केंद्रावर किती मते पडली याचा १७-सी नमुन्यातला हिशेब हजर प्रतिनिधींना सही करून द्यावा लागतो. मोजणीच्या टेबलावर तो आकडा जुळला पाहिजे. गावोगाव होते काय, तर पक्षाचा प्रतिनिधी दुपारच्या जेवणानंतर गायब होतो आणि तो कागद घ्यायला कोणी उरत नाही. यंत्रावर रात्रभर चर्चा करणाऱ्यांनी आधी कागद घ्यायला थांबावे.

मतदार यादीचे तेच. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. मधल्या काळात यादीची तपासणी निघाली आणि दाराला कुलूप दिसले, तर नावावर काट बसायला वेळ लागत नाही. वारलेला आजोबा मात्र यादीत ठणठणीत असतो. नाव घालायला ६ नंबरचा नमुना, वगळण्याला ७, दुरुस्तीला ८. गावच्या दहा तरुणांना हे तीन आकडे पाठ असले तरी निम्मे काम झाले. तसेच २ ऑक्टोबरपासून गावचे आराखडे ठरू लागतात आणि ऊसतोडीवाले गाडी भरायला लागलेले असतात. २६ जानेवारीला ते फडात असतात. म्हणून ज्या गावातून माणसे तोडीला जातात, त्या गावाने महत्त्वाचे ठराव १५ ऑगस्टच्या सभेत घ्यावेत. झेंड्याला सगळे असतात. झेंडावंदन झाले की वही उघडा.

वैर कोण घेणार?

खरी अडचण वेळेची नाही, भीतीची आहे. ज्याच्या वहीवर प्रश्न विचारायचा त्याचाच माणूस सोसायटीत बसलेला असतो. पीककर्जाची शिफारस तो करतो. टँकरची पाळी त्याच्या हातात, रेशनवाला त्याचा भाचा. शहरातले लोक म्हणतात, शेतकरी गप्प का बसतो? त्यांनी एकदा टँकरमागे हंडा घेऊन उभे राहावे. धोका याहून मोठाही असतो. माहिती अधिकारात जमिनींचे व्यवहार काढणारे तळेगावचे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. हे लपवून कोणाला पुढे ढकलणे आमच्या संघटनेत बसत नाही.

म्हणून आमचा नियम आहे: एकट्याने विचारू नका. एक जण विचारतो तेव्हा तो विरोधक ठरतो; पाच घरांतली पाच माणसे विचारतात तेव्हा गाव विचारते. पाचांत दोन बाया असाव्यात, कारण त्यांच्या प्रश्नाला शिवी घालणे पुढाऱ्याला जड जाते. पाचही जण एका पक्षाचे, एका भावकीचे नसावेत. प्रश्न माणसावर नको, कागदावर हवा. "तुम्ही पैसे खाल्ले" असे म्हटले की भांडण होते आणि भांडणात मुद्दा मरतो. "मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवा" असे म्हटले तर चिडण्यासारखे काही नसते, आणि नेमके तेच पुढाऱ्याला सर्वात अवघड जाते.

दुसरी अडचण, आपल्याला रस्त्यावर उतरायची सवय आहे, पाठपुरावा करायची नाही. १ जून २०१७ चा शेतकरी संप आठवा. त्याची सुरुवात राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेत झाली. एका गावाचा ठराव राज्याला हलवून गेला. त्याच महिन्यात सरकारने सुमारे ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. पण मध्येच काही प्रतिनिधींनी रात्री मुंबईत बोलणी करून संप मागे घेतल्याचे जाहीर केले आणि गावोगावचे शेतकरी खवळले. धडा साधा आहे. संपाचा ठराव करताना बोलणी कोण करणार आणि गावाला विचारल्याशिवाय काय मान्य करायचे नाही, हेही त्याच ठरावात लिहा. एप्रिल २०२३ मध्ये अकोल्याहून लोणीकडे निघालेला किसान सभेचा मोर्चा धांदरफळला थांबला, तो मंत्री तिथे आल्यावर. सरकारला रस्त्यावर आणणे आपल्याला जमते. सरकारने दिलेला शब्द गावच्या वहीत उतरवून दर सभेला "काय झाले?" विचारणे, हे जमवायचे आहे.

वेळ लागतो म्हणणाऱ्यांना निळवंडे दाखवा. १९७० साली सुमारे आठ कोटींचा म्हणून मंजूर झालेला प्रकल्प पाच हजार कोटींच्या पुढे गेला आणि कालव्यात पाणी पडले २०२३ साली. मधल्या ५३ वर्षांत किती आमदार-खासदार झाले आणि गेले. पाणी मागणारे शेतकरी मात्र बापामागून मुलगा असे टिकले. उद्घाटनाच्या कोनशिलेवर त्यांची नावे नाहीत. राखणदाराचे नाव पिकावर कुठे लिहिलेले असते?

या वर्षी करायची कामे

प्रत्येक गावाने पुढच्या जिल्हा बैठकीला खालच्या कामांचा हिशेब घेऊन यावे.

१. गावात पाच जणांचा वाचन गट करावा. दोन बाया, एक तरुण, आणि एक तरी ऊसतोडीला जाणारा.

२. ग्रामसभेच्या सुरुवातीला मागचे इतिवृत्त वाचून दाखवायची मागणी करावी. या सभेचा प्रत्येक ठराव तिथेच लिहून, तिथेच मोठ्याने वाचून घ्यावा. सही त्यानंतर. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून घ्यावी, म्हणजे मागाहून भर पडत नाही.

३. घरी आलेल्या वहीवर सही करू नये. शिपायावर रागावू नये, तो हुकमाचा ताबेदार. "सभेत करीन" एवढेच सांगावे.

४. महिन्यातून एका सोमवारी गटाने दप्तर बघावे. एका वेळी एकच विषय: एक रस्ता, एक टाकी, एक यादी.

५. पीक कापणी प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या दिवशी, हे कृषी आणि महसूल खात्याला लेखी विचारावे. हजर राहावे, फोटो घ्यावा, वजन आपल्या वहीत टिपावे. कापसाच्या प्रत्येक वेचणीला जावे.

६. मतदार यादी पारावर वाचावी. निवडणुकीच्या दिवशी केंद्राचा हिशेब हातात घेतल्याशिवाय गावच्या प्रतिनिधीने घरी जाऊ नये, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

७. मताचा पैसा घेऊ नये, आणि "घ्या त्यांचा, मत द्या आम्हाला" असे सांगणाऱ्यालाही थारा देऊ नये. जो बुडवायला शिकवतो तो उद्या आपल्यालाच बुडवणार.

यांतल्या एकाही कामाला मंत्र्याची परवानगी लागत नाही, अनुदान लागत नाही. वर्षभरातले पंधरा-वीस दिवस लागतात. कापसाला तुम्ही तेवढ्या वेळा फवारणी आणि खुरपणीला जाताच. तण एकदा उपटून कायमचे जात नाही हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावली की पीक आपोआप हाती येईल, असे समजणाऱ्याच्या शेतात काय उगवते, तेही तुम्ही जाणता.

उत्पादनखर्चावर भाव मागायला आपण पुन्हा रस्त्यावर उतरणारच आहोत. पण ज्या गावाला स्वतःच्या वहीचा हिशेब विचारता येत नाही, त्याला दिल्ली कापसाचा हिशेब देणार नाही. पुढची ग्रामसभा ज्या तारखेला असेल, त्या दिवशी वावरातले काम दोन तास मागे ठेवा. जाऊन बसा आणि म्हणा: वाचा.